किती देणार?

मे महिन्यात मिरजेला दादाकडे गेले होते. जाताना चिऊसाठी चोवीस रंगांचं स्केचपेनचं पाकीट नेलं होतं, त्यात तो एक विचित्र पिस्ता रंग होता जो तिला आवडणार याची मला खात्री होती. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झालेले, पंख्याची घरघर, खिडकीला ओला पडदा, आणि आम्ही दोघी मधल्या खोलीत थंडगार फरशीवर. मी पाकीट उघडून तिच्यापुढे ठेवलं, एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू दिली आणि म्हटलं, काढ ना काहीतरी. तिने पिस्ता रंगाचं टोपण काढलं, वास घेतला, परत लावलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, किती देणार?" उद्धटपणे नाही हं. भाजीवाल्या मावशी "किती देऊ?" विचारतात ना, पाव की अर्धा, तितक्या सरळपणे. मी हसले, आतून वहिनीने ऐकलं तीही हसली, म्हणाली, "बघ, हुशार झालीये तुझी भाची." चिऊपण हसली, तिला वाटलं आपण काहीतरी छान बोललो. मग मी म्हटलं, आज नाही गं सुट्टे माझ्याकडे. "बरं," म्हणाली, आणि पाकीट नीट बंद करून कपाटावर ठेवून बाहेर खेळायला गेली.

तो "बरं" मला परतीच्या एसटीत पार कराडपर्यंत पुरला.

कारण हे मीच तर केलं होतं. दिवाळीत. तेव्हा ती सात वर्षांची आणि तिला चित्रांचं नुसतं वेड. पत्रिकांच्या मागे, बँकेच्या डायरीत, वाण्याच्या बिलावर, एकदा तर दादाच्या इस्त्रीच्या शर्टाच्या आतल्या पुठ्ठ्यावर. आणि चित्रं कशी, तर अंबाडा घातलेला कावळा. पाय असलेली रेल्वे, प्रत्येक डब्याला दोन-दोन पाय आणि त्यात वेगवेगळ्या चपला, कारण "सगळ्यांना एका मापाच्या कशा होतील?" कानात डूल घातलेली हत्तीण आणि तिच्या शेजारी अगदी छोटा, रुसलेला हत्ती. मला भरून आलं होतं ते बघून, खरंच सांगते, आणि भरून आलं की काय करायचं ते मला कळत नाही, मी पर्स उघडते. त्या हत्तिणीसाठी मी तिला दहाची कोरी नोट दिली आणि म्हटलं, अशीच काढत राहा, प्रत्येक चित्राला आत्याकडून दहा रुपये. भाऊबीजेपर्यंत तिने चौदा चित्रं आणून दिली. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड, आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. चौदाच्या चौदा. एक-दोन ठिकाणी घराला रंगच नव्हता, घाईत राहिला असणार. मी एकशेचाळीस रुपये दिले, "वा, किती छान" म्हटलं, आणि गठ्ठा न बघता बॅगेत टाकला. रेल्वेचे पाय कुठे गेले हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

बीएला माझं सायकॉलॉजी होतं. "प्रेरणा" नावाचं प्रकरण होतं, आंतरिक आणि बाह्य, दोन्हींतला फरक स्पष्ट करा, दहा मार्क. त्यात तो स्टॅनफर्डचा बालवाडीतला प्रयोग होता आणि तो मी परीक्षेत लिहिलाही होता, व्यवस्थित, मुद्देसूद. लेपर, ग्रीन आणि निस्बेट, १९७३. विद्यापीठाच्याच बिंग नर्सरी स्कूलमधली तीन ते पाच वर्षांची मुलं, आणि त्यातही मुद्दाम अशी निवडलेली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर हे "गुड प्लेयर"चं प्रशस्तिपत्र मिळेल, सोनेरी चांदणी, लाल फीत वगैरे लावलेलं. काहींना काही न सांगता चित्र काढून झाल्यावर अचानक तेच दिलं. आणि काहींना काहीच नाही. मग आठ-पंधरा दिवस जाऊ दिले, आणि वर्गात रोजच्या खेळाच्या वेळी स्केचपेन असेच टेबलावर ठेवले, कुणी काही बोलायचं नाही, काचेआडून फक्त बघायचं. ज्यांना काही मिळालं नव्हतं ती मुलं मोकळ्या वेळातला साधारण सतरा टक्के वेळ चित्रांत रमली. ज्यांना अचानक मिळालं होतं ती अठरा टक्के. आणि ज्यांच्याशी आधी बोली झाली होती ती जेमतेम साडेआठ. निम्मी. हे आकडे मला पाठ होते, पण त्या प्रयोगातली एक गोष्ट मी पार विसरले होते, ती एसटीत आठवली आणि पोटात कसंतरी झालं. त्या बोलीवाल्या मुलांनी बक्षिसासाठी जी चित्रं काढली, त्यांना परीक्षकांनी कुणाचं कुठलं हे माहीत नसताना मार्क दिले तेव्हा सगळ्यांत कमी मार्क पडले.

चौदा डोंगर, चौदा सूर्य.

कराडला गाडी वीस मिनिटं थांबली. चहा घेतला, कागदी कपातला, गोडमिट्ट. आणि मला आजी आठवली, अगदी तिच्या बोटांसकट. आजी पहाटे सडा घालायची आणि सडा जरा सुकत आला की उकिडवी बसून ठिपक्यांची रांगोळी काढायची. पंधरा ते आठ. म्हणजे मधली ओळ पंधरा ठिपक्यांची आणि मग दोन्हीकडे कमी होत होत आठावर येऊन थांबायचं. ती ओठातल्या ओठात मोजायची, तो एक वेगळाच आवाज होता, जपासारखा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीतून पडणारी रेघ मधे कुठे जाड नाही कुठे बारीक नाही. ओल्या मातीचा वास, शेजारच्या बंबातला धूर. साडेसहाला दूधवाला यायचा आणि त्याच्या सायकलचं चाक बरोबर रांगोळीवरून जायचं, रोज. मी चिडायचे. आजी म्हणायची, "जाऊ दे, उद्या काढायचीच की." तिला ते खरंच लागायचं नाही. एक वर्ष गल्लीतल्या मंडळाने रांगोळी स्पर्धा ठेवली आणि आम्ही पोरांनी हट्टाने तिचं नाव घातलं. दुसरा नंबर आला, झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला, त्यावर नाव कोरलेलं. तिने रांगोळी काढणं काही सोडलं नाही, तसं म्हटलं तर खोटं होईल. पण त्यानंतर कित्येक महिने ती सकाळी मला हळूच म्हणायची, "समोरच्यांनी काय काढलंय बघून ये गं." त्याआधी तिने हे कधी विचारलं नव्हतं. समोर पहिला नंबर राहत होता. आणि मी बघून येऊन सांगायचे, आज मोर आहे, आणि तिचं मोजणं मधेच चुकायचं. तो डबा पुढे साखरेला लागला, नंतर डाळीला, आणि समोरचे घर सोडून गेले तेव्हा कुठे तिचं विचारणं थांबलं.

माझं स्वतःचं तर फारच सरळ झालं. सातवीत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा, आठवीत इंटरमिजिएट. सुट्टीच्या दिवशी शाळेत जादा तास, वस्तुचित्राला तांब्या आणि दोन वांगी आणि मागे घड्या पाडलेलं कापड, स्मरणचित्राला "बसस्टॉपवरील दृश्य", संकल्पचित्राला वर्तुळात पानं-फुलं. वांग्यावरचा चमकणारा ठिपका कसा कोरा ठेवायचा हे सरांनी शिकवलेलं अजून हाताला आठवतंय. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली, सर्टिफिकेट आलं, बाबांनी ते फ्रेम केलं. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही चित्र काढलेलं नाही. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं. वेळ नव्हता असंही नाही, आठवीतल्या पोरीला वेळच वेळ असतो. मला वाटतं मनात कुठेतरी "झालं" अशी नोंद पडली. आता तर दहावीला त्या ग्रेडचे वाढीव मार्क मिळतात, आणि माझ्या ओळखीतले आईबाप पोरांना क्लास लावताना आधी ते मार्कच विचारतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, एकेका मार्काने अकरावीचं कॉलेज हुकतं हे मलाही दिसतं. पण माझ्यासारखे किती हात त्या परीक्षेनंतर थांबले असतील, हे एकदा मोजून बघावंसं वाटतं.

आमच्या सोसायटीचंही आता वेगळंच दिसायला लागलंय मला. पूर्वी पावसाळ्याआधीच्या रविवारी सगळे मिळून गच्ची झाडायचो, पन्हाळी मोकळ्या करायचो, नंतर कुणाकडे तरी पोहे. दहा-बारा घरं यायची, चार यायची नाहीत, आणि न येणाऱ्यांना सोमवारी लिफ्टमध्ये आमच्याकडे बघायला जरा जड जायचं. मग एका मीटिंगमध्ये ठरलं, जो येणार नाही त्याला पाचशे रुपये दंड. मीसुद्धा हात वर केला होता. पुढच्या वर्षी गच्चीवर आम्ही पाच जण. बाकीच्यांनी पाचशे आधीच ट्रान्सफर केले होते आणि ते सिंहगडावर गेले होते, रात्री पिठलं-भाकरीचे फोटो टाकले ग्रुपवर, बिनधास्त, आणि का टाकू नयेत, त्यांनी पैसे भरले होते की. हेच इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत तपासून झालंय, ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी, तो पेपर २००० सालचा. दहा पाळणाघरं घेतली, त्यातल्या सहांमध्ये मुलाला घ्यायला दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दहा शेकेल दंड लावला. उशीर करणारे आईबाप कमी व्हायचे तर वाढत वाढत जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की तिथल्या ताईंसमोर ओशाळायला व्हायचं, आता ती पंधरा मिनिटं विकत मिळत होती. आणि ज्याने माझी झोप उडाली ते पुढे आहे, काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी उशीर काही पूर्वीइतका खाली आला नाही. आम्हीपण यंदा दंड रद्द केला. गच्चीवर सहा जण होतो.

म्हणजे चिऊला आता पैसे देणं बंद केलं तरी रेल्वेचे पाय परत येतीलच असं नाही. हे मी गाडीत स्वतःशी मोठ्याने बोलले बहुतेक, कारण शेजारच्या काकांनी वळून बघितलं.

इथवर येऊन मी थांबले असते तर सोपं होतं, पैसा वाईट, आवड पवित्र वगैरे. पण मला माझी काकू आठवते. काकूला शिवणाची हौस. हे वाक्य आमच्या घरात मी हजारदा ऐकलंय, "तिला हौसच आहे." त्या हौसेवर अख्ख्या भावकीच्या साड्यांना फॉल-बिडिंग झालं, पोरींची परकर-पोलकी झाली, लग्नघरात रात्री दोन-दोनपर्यंत ब्लाउजना हुक लावून झाले. कुणी एक रीळसुद्धा आणून दिलं नाही. मग एके वर्षी, काकांची मिल बंद पडल्यावर, काकूने फॉल-बिडिंगचे पन्नास रुपये घ्यायला सुरुवात केली, नातेवाईकांकडूनपण. काय बोलले लोक! घरच्या घरी कसले पैसे, पूर्वीची राहिली नाही ती. माझी आईपण बोलली, मला ते आवडलं नव्हतं पण मी गप्प बसले. आणि काकू? काकूचं शिवण त्यानंतर जास्त सुंदर झालं. तिने बिडिंगला साडीच्याच रंगातला नेमका दोरा शोधायला बाजार पालथा घालायला सुरुवात केली, कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी एक ते तीन मशीन बंद, "माझी झोप आहे ती," असं सांगायला लागली. पैसे मिळायला लागल्यावर तिची आवड मेली नाही, उलट ती पहिल्यांदा तिची स्वतःची झाली. बायकांच्या कामाला हौस म्हणून फुकट वापरून घेणाऱ्या घरात वाढलेली मी, "पैशाने आवड मरते" असं नुसतं म्हणून मोकळी कशी होऊ? नाही होता येत.

मग काकूच्या पन्नास रुपयांत आणि माझ्या दहा रुपयांत फरक काय होता, हे डोक्यात घोळत राहिलं. पुण्याला आल्यावर जुन्या नोट्स शोधल्या, नाही मिळाल्या, मग वाचत बसले. एडवर्ड डेसी नावाच्या माणसाचा १९७१ साली छापून आलेला प्रयोग आहे, स्टॅनफर्डवाल्यांच्याही आधीचा. सोमा नावाचं सात तुकड्यांचं ठोकळ्यांचं कोडं, कॉलेजची मुलं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी एका गटाला सोडवलेल्या प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर दिला, तिसऱ्या दिवशी परत काही नाही. पण खरा प्रयोग त्या कोड्यात नव्हताच. दर वेळी मधे तो काहीतरी कारण काढून खोलीबाहेर जायचा, आठ मिनिटं. टेबलावर मासिकं पडलेली, कोडं पडलेलं, काहीही करा. आणि काचेमागून बघायचं की एकटं असताना माणूस काय करतो. पैसे मिळालेली मुलं तिसऱ्या दिवशीच्या त्या आठ मिनिटांत कोड्याकडे पहिल्या दिवसापेक्षा कमी वळली. ती आठ मिनिटं माझ्या डोक्यातून जातच नाहीत. कुणी बघत नाही, कुणी देणार नाही, कुणी रागावणार नाही, तेव्हा माझा हात कशाकडे जातो? माझा फोनकडे जातो. आजीचा चिमटीकडे जायचा.

डेसी आणि त्याचा सहकारी रायन यांनी पुढे आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं. माणसाला तीन गोष्टी लागतात असं ते म्हणतात, आपलं आपण ठरवल्याची भावना, आपल्याला जमतंय ही भावना, आणि आपलं कुणीतरी आहे ही भावना. बक्षीस जेव्हा "तुला जमलं" एवढंच सांगतं तेव्हा ते आवडीला मारत नाही, जेव्हा ते "माझ्यासाठी कर" म्हणतं तेव्हा मारतं. यावर मोठा वादही झाला, बक्षिसाने काही बिघडत नाही असं म्हणणारेही होते, तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी १२८ प्रयोग एकत्र करून पाहिले. मनापासूनच्या कौतुकाने आवड वाढते, बोली लावून दिलेल्या वस्तूने आणि पैशाने कमी होते, आणि लहान मुलांत जास्तच कमी होते. मुळात कंटाळवाण्या कामाचं मात्र तसं होत नाही, तिथे मारायला आवड असतेच कुठे. म्हणजे चिऊला ताटं घ्यायचे दहा रुपये दिले असते तर फारसं बिघडलं नसतं. काकूने भाव स्वतः ठरवला होता, वेळ स्वतः ठरवली होती, आणि ते पन्नास रुपये तिला दर वेळी सांगत होते की हे काम आहे आणि ते तुला येतं. चिऊचा भाव मी ठरवला. तिच्या आणि त्या कावळ्याच्या मधे मी जाऊन बसले, प्रेमाने, हातात नोट घेऊन.

दादाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "अगं पोरं विसरतात." वहिनी म्हणाली, शाळेतपण चांदण्याच देतात, आणि फ्रिजवर तिने स्वतः गृहपाठाचा तक्ता लावलाय, पाच चांदण्यांना एक कॅडबरी, आणि त्यामुळे पाढे पाठ झालेत, ते काय चुकीचं? मला उत्तर देता आलं नाही. पाढे तर झालेच ना पाठ. रोज दोन वेळचं घर आणि मुलगी तिला बघायची असते, मी वर्षातून तीनदा पाकीट घेऊन जाते आणि वर सल्ले देते, ते बरं दिसत नाही. मी विषय बदलला.

गौरींना परत गेले. या वेळी मुद्दाम काहीच नेलं नाही तिच्यासाठी, आणि तेही मला दारातच चुकल्यासारखं झालं, तिने पिशवीकडे बघितलं तेव्हा. संध्याकाळी गौरी आणायची गडबड, वहिनी मुखवट्यांना दागिने घालत होती, मी भाज्या निवडत होते, आणि दारापासून आतपर्यंत पावलं काढायची राहिली होती. वहिनी आतून ओरडली, "चिऊ, पावलं काढ गं पटकन." म्हटलं आता विचारेल. नाही विचारलं. किंवा विचारायला वेळच नव्हता, माहीत नाही, मी त्याचा अर्थ लावत बसणार नाही. तिने रांगोळीचा डबा घेतला, उंबऱ्याशी उकिडवी बसली. तेवढ्यात लाईट गेली. वहिनी निरांजन घेऊन गेली देवापाशी, मी मेणबत्ती शोधून पॅसेजमध्ये आले तर चिऊ त्या अंधुक उजेडात तशीच काढतेय. मूठ वळून टेकवलेली पावलं, वर बोटांचे पाच ठिपके, मधे हळदीकुंकू. तीन-चार पावलं अगदी नेहमीची. आणि मग त्यांच्या मागे, जरा बाजूने, चार-चारच्या पुंजक्यात बारीक बारीक ठिपके. तेही उंबऱ्यापासून. मी वाकून बघितलं. मांजराचे पंजे होते. गौरी सोन्याच्या पावली आली, आणि तिच्या मागोमाग एक मांजर आलं, आणि ते मधेच एका ठिकाणी थांबलेलंही दिसत होतं, तिथे ठिपके गोळा झालेले, भाजीच्या ताटापाशी.

माझ्या घशापर्यंत "अगं किती छान" आलं. हात पर्सकडे गेला नाही कारण पर्स आत होती.

"बघू नको ना आत्या," मान वर न करता ती म्हणाली, "अजून व्हायचंय."

मी मेणबत्ती तिच्याजवळ फरशीवर टेकवली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर कुणाकडे तरी घंटा वाजत होती. मागे ती ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होती.